सिंहाच्या चेहऱ्याला कात्री कुठे लावायची?

१६ ऑक्टोबरला गीर पर्यटकांसाठी उघडलं की बडोद्याहून सासणकडे निघणाऱ्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या बॅगा वाढतात, आणि दिवाळी सरली की आमच्या टपालात सिंहांचे चेहरे. या खेपेच्या पत्रांतली तक्रार बहुतेक एकच आहे: सिंह जवळून मिळाला, पण फोटो काही जमला नाही. फोटो पाहिल्यावर लक्षात येतं की फोकस आणि एक्स्पोजर बऱ्याच जणांचं ठीक आहे. गडबड आहे ती चौकटीच्या कडांपाशी, म्हणजे क्रॉपमध्ये: फोटो कुठे कापायचा यात. म्हणून हा अंक तेवढ्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न: गीरमध्ये साधारण बारा मीटरवरून नर सिंहाचा चेहरा अगदी समोरून मिळाला. फुल फ्रेम (३६×२४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, ४०० एमएमची लेन्स. चेहरा भरून दिसावा म्हणून घरी वरून, खालून आणि बाजूने क्रॉप केला. त्यात डाव्या कानाचं टोक आणि हनुवटीखालचे थोडे केस गेले. क्लबमध्ये परीक्षकांनी ‘क्रॉप चुकलाय’ म्हणून फोटो बाजूला ठेवला. नक्की काय चुकलं?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: चूक कापण्यात नाही, थोडंसं कापण्यात आहे. कानाचं नुसतं टोक गेलं की बघणाऱ्याला ती नजरचूक वाटते. तेच दोन्ही कान मुळापासून बाहेर गेले आणि वरची कड भुवयांच्या चार बोटं वरून, सरळ कपाळातून गेली, तर ते ठरवून केलेलं दिसतं. सिंहाच्या चेहऱ्यावर कडा टेकवायला फार थोड्या जागा आहेत, त्या माहीत असल्या की निम्मं काम होतं.

सर्वांत मोकळा क्रॉप म्हणजे पूर्ण डोकं, दोन्ही कान, आयाळीची बाहेरची रेघ आणि तिच्याभोवती हवा. इथे कानाच्या वर चौकटीच्या उंचीच्या आठव्या-दहाव्या भागाइतकी तरी जागा हवी. त्याहून कमी ठेवली तर कान वरच्या कडेला टेकल्यासारखे दिसतात, आणि टेकलेला कान कापलेल्या कानाहून वाईट.

त्याच्या आतला क्रॉप चेहऱ्याचा. वरची कड कपाळातून, बाजूच्या कडा आयाळीच्या मधून, खालची कड हनुवटीच्या पांढऱ्या केसांच्या खाली. आयाळ कापायची तर चांगली जाडजूड कापा. बाहेरच्या रेघेपासून आत यायचं आणि कड सगळीकडे केसांतूनच जाईल असं बघायचं. एका कोपऱ्यात आयाळ संपून पार्श्वभूमीचा उजळ त्रिकोण उरला, की नजर डोळ्यांवरून सुटून त्या त्रिकोणावर जाते. तुमच्या फोटोत उजव्या बाजूला वर नेमकं हेच झालं आहे. परीक्षकांना कानाइतकंच तेही खटकलं असणार.

सर्वांत घट्ट क्रॉप डोळे आणि नाकाचा. यात हनुवटीही जाते, पण मग खालची कड ओठांच्या रेषेवर थांबवू नका. नाकाखालच्या उभ्या रेघेत कुठेतरी थांबवा. ओठांची रेषा आणि चौकटीची कड एकमेकींना समांतर धावायला लागल्या की तोंड कापून टाकल्यासारखं दिसतं. मिशांची टोकं बाहेर गेली तरी बिघडत नाही, त्या लांबच असतात. मिशा जिथून फुटतात ते काळे ठिपके मात्र आत हवेत.

आफ्रिकेतल्या सिंहांचे फोटो बघून क्रॉप शिकलेल्यांची गीरमध्ये पंचाईत होते ती कानांपाशी. तिकडच्या पूर्ण वाढलेल्या नराची आयाळ डोक्यावर इतकी दाट असते की कान तिच्यात बुडून जातात. वरची कड कुठूनही न्या, केसच कापले जातात. आपल्या आशियाई नराची डोक्यावरची आयाळ तोकडी, कान उघडे. त्यामुळे इथे प्रत्येक फोटोत कानांचा निर्णय घ्यावाच लागतो: दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर. एक आत, एक बाहेर हे फक्त मान बरीच वळलेली असेल तेव्हा.

पाय दिसत असतील तर सांध्यावर कापू नका. कोपर, मनगट आणि बोटांची मुळं या तीन जागा टाळा. पंजे पुढे टाकून बसलेल्या सिंहाचा फोटो एकतर पंजांच्या पुढे गवताची पट्टी ठेवून पूर्ण घ्या, किंवा छातीतूनच कापा. नखं तेवढी बाहेर गेलेले फोटो याही खेपेला आलेत.

तुमची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल) शाबूत असेल तर मूळ चौकटीवर परत जा. तुमच्याकडे दोन वाटा आहेत. एक, दोन्ही कान ठेवून उभा ४:५ क्रॉप. दुसरी, कपाळातून कापलेला चौरस. आम्ही चौरस निवडला असता, कारण कानांमागची पार्श्वभूमी पांढुरकी आहे आणि ती गेली तर फोटोचं नुकसान काहीच नाही.

प्रश्न: डोळे कडक आलेत पण नाक धूसर आहे. एफ/५.६, ४०० एमएम, अंतर दहा मीटरच्या आसपास. लेन्स खराब आहे का?
— वाचक, कारेलीबाग

उत्तर: लेन्स ठीक आहे. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड लहान आणि स्पष्ट दिसणारी खोली जास्त. फुल फ्रेमवर ४०० एमएमने दहा मीटरवर एफ/५.६ ला एकूण २१ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. फोकस डोळ्यावर असेल तर तिच्यातली जेमतेम दहा सेंटिमीटर डोळ्याच्या पुढे. सिंहाचं नाक डोळ्यांच्या त्याहून बरंच पुढे असतं, म्हणजे समोरून काढलेल्या चेहऱ्यात ते धूसर येणारच. एफ/८ ला खोली ३० सेंटिमीटर होते, एफ/११ ला ४१. समोरचा चेहरा, अंतर दहा-बारा मीटर आणि उजेड पुरेसा असेल तर एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याला एफ/५.६ पुरतं, कारण डोळा आणि नाक जवळपास एकाच पातळीत येतात.

नाक धूसर असूनही चालणारे फोटो आहेत, पण त्यांत नाक चौकटीत लहान असतं. तुम्ही क्रॉप करून नाक मधोमध आणि मोठं केलंत, म्हणून ते डोळ्यात खुपतं. थोडा सैल क्रॉप करून पाहा.

प्रश्न: माझ्या सगळ्या फोटोंत सिंह खाली दबल्यासारखा दिसतो. रुबाबच येत नाही. क्रॉपने काही होईल?
— वाचक, मांजलपूर

उत्तर: क्रॉपने कोन बदलत नाही. उघड्या जिप्सीत मागच्या बाकावर बसलं की कॅमेरा जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असतो. डोकं वर करून पहुडलेल्या सिंहाचे डोळे पाऊण मीटरवर. आठ मीटरवरून बघितलं तर हा कोन सुमारे ९ अंश खाली जातो आणि फोटोत कपाळ रुंद, हनुवटी बारीक दिसते. तोच सिंह वीस मीटरवर असेल तर कोन साडेतीन अंशांवर येतो, जवळजवळ नजरेला नजर.

म्हणजे जिप्सी आणखी पुढे घ्या असा चालकाच्या मागे लकडा लावण्यात तोटाच आहे. लांब लेन्स असेल तर वीस मीटरवरून आलेला चेहरा आठ मीटरवरच्यापेक्षा जास्त रुबाबदार दिसतो. गाडी जवळ थांबली असेल तर निदान उभं राहून फोटो काढू नका. बाकावरून खाली सरका, दोन बाकांच्या मधे बसा, लेन्स जिप्सीच्या कडेवर बीन बॅगवर टेकवा. अर्धा मीटर तरी वाचतो. बीन बॅगमध्ये दोन-अडीच किलो तांदूळ किंवा मूग भरा. थर्माकोलच्या गोळ्या हलक्या पडतात, लेन्स डुलत राहते. इंजिन बंद करायला सांगा, चालू इंजिनाची थरथर १/५०० लाही दिसते. गाडीतून खाली उतरायचं नाही, हे सांगायला नको.

सिंह बांधावर, दगडावर किंवा रस्त्याच्या चढावर बसलेला असेल तर प्रश्नच मिटला. जंगलवाटा अशा जागांनी भरलेल्या आहेत. गाडी कुठे थांबवायची हे चालकाशी आधी बोलून ठेवलेलं बरं. सिंह समोर आल्यावर जिप्सीतले सहाही जण एकदम बोलायला लागतात.

प्रश्न: २४ मेगापिक्सेलमधून किती क्रॉप करून १२×१८ ची प्रिंट काढता येईल? लॅबवाले म्हणतात ‘३०० डीपीआय करून आणा’. मी सॉफ्टवेअरमध्ये ३०० टाकलं तरी प्रिंट फुटली.
— वाचक, रावपुरा

उत्तर: सॉफ्टवेअरच्या रकान्यात ३०० लिहिल्याने पिक्सेल वाढत नाहीत. ती फक्त चिठ्ठी आहे. हिशेब पिक्सेलचा करायचा.

२४ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे ६०००×४०००. १२×१८ इंचांना इंचामागे ३०० पिक्सेल हवेत तर ५४००×३६०० लागतात, म्हणजे क्रॉपला जवळजवळ वाव नाही. पण भिंतीवरची प्रिंट कोणी नाक लावून बघत नाही. इंचामागे २४० पिक्सेलनी काम चोख होतं आणि २०० पर्यंत चालून जातं. २४० साठी ४३२०×२८८० लागतात, म्हणजे प्रत्येक बाजू मूळच्या सुमारे ७२ टक्के उरली तरी चालेल. लक्षात ठेवायला सोपं: बाजू ७० टक्के म्हणजे पिक्सेल निम्मे. १२×१८ साठी आम्ही इथेच थांबू.

बाजू निम्मी केलीत तर उरतात ३०००×२०००, फक्त ६ मेगापिक्सेल. १२×१८ ला हे इंचामागे १६७ पडतात. मिशा तुटक दिसायला लागतात, डोळ्याच्या कडेचे केस एकमेकांत मिसळतात. याच फाइलची ८×१२ ची प्रिंट मात्र इंचामागे २५० ने छान येईल. तुमची फुटलेली प्रिंट याच जातीची आहे: पाठवलेली जेपीईजी फक्त २७०० पिक्सेल लांब होती.

आणखी दोन गोष्टी क्रॉपमध्ये गुपचूप पिक्सेल खातात. पहिली, आडव्या फोटोतून उभा क्रॉप. ६०००×४००० मधून २:३ चा उभा तुकडा काढला तर हाती येतात २६६७×४०००, निम्म्याहून कमी. बसलेल्या सिंहाचं डोकं आणि छाती हा मुळातच उभा विषय आहे. कॅमेरा फिरवायला एक सेकंद लागतो. बारा मीटरवर ४०० एमएमची फुल फ्रेम चौकट साधारण १०८×७२ सेंटिमीटरची असते. उभी धरली तर नराचं डोकं आयाळीसकट आणि छाती तीत आरामात बसते. आडवी धरली की कान वाचवताना छाती जाते आणि दोन्ही बाजूंना रिकामं गवत येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिरपेपणा सरळ करणं. तीन अंश फिरवलं की प्रत्येक बाजू सुमारे ७ टक्के आखडते. म्हणून फोटो काढतानाच चारही बाजूंना थोडं हातचं राखा आणि घरी आधी सरळ करा, मग क्रॉप. उलट क्रमाने केलंत तर नीट बसवलेले कान परत कडेला जाऊन भिडतात. सरळ कशाच्या आधाराने करायचं? मागे सागाची खोडं दिसत असतील तर त्यांच्या, पाणवठा असेल तर पाण्याच्या रेघेच्या. सिंहाचे दोन डोळे एका रेषेत आणण्यासाठी फोटो फिरवू नका, मान कलती ठेवणं हा त्याचा स्वभाव आहे. मागे नुसता धूसर रंग असेल आणि चेहरा बरोबर समोरून असेल, तर मात्र फिरवायला हरकत नाही.

धार देण्याचं काम (शार्पनिंग) सगळ्यात शेवटी, प्रिंटच्या मापाला फाइल आणल्यावर.

प्रश्न: १.४ चा टेलीकन्व्हर्टर घ्यावा की क्रॉप करत राहावं?
— वाचक, फतेगंज

उत्तर: कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारा, लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड. १.४ ने एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो, २ ने दोन स्टॉप. तुमची लेन्स १००-४०० आणि लांब टोकाला एफ/५.६ आहे, कन्व्हर्टर लावून ती ५६० एमएम, एफ/८ होईल. गीरमधली सकाळची पहिली फेरी कमी उजेडातच सुरू होते. तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट करण्यापेक्षा क्रॉप बरा, कारण १.४ पट क्रॉपने पिक्सेल निम्मे होतात आणि १२ मेगापिक्सेल उरतातच. त्याहून जास्त कापावं लागत असेल तर कन्व्हर्टरला अर्थ आहे. दुप्पटचा कन्व्हर्टर झूम लेन्सवर लावू नका, फोकस चाचपडतो.

पण क्रॉप फुकट नसतो. बाजू निम्मी केली की नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) दुप्पट मोठा दिसतो. आयएसओ ३२०० चा फोटो त्याच मापाच्या प्रिंटला साधारण १२८०० सारखा भासतो.

प्रश्न: सिंहिणीच्या गळ्यात रेडिओ कॉलर आहे. स्पर्धेसाठी तो काढून टाकला तर चालेल का? चेहऱ्यासमोरची एक काडीही काढायची आहे.
— वाचक, अलकापुरी

उत्तर: दोन्ही चालणार नाही. फियाप (छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) यांच्या मान्यतेच्या स्पर्धांत नेचर विभागाची एकच व्याख्या २०१५ पासून लागू आहे. तिच्यानुसार चित्रातली कोणतीही गोष्ट काढणं, घालणं, हलवणं निषिद्ध आहे. अपवाद फक्त क्रॉपचा. गंमत अशी की त्याच व्याख्येत वन्यप्राण्यावरची शास्त्रीय खूण, पट्टा किंवा रेडिओ कॉलर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जो काढायला तुम्ही नियम मोडणार, तो ठेवला तर नियमात बसतो.

कॉलर खुपतच असेल तर क्रॉपने बाहेर काढा: खालची कड हनुवटीच्या किंचित खाली, मानेच्या वर. पट्ट्याची वरची कड दोन-चार मिलिमीटर उरली तर ती काळी रेघ फोटोचा तळ बनून बसते. एकतर पूर्ण घालवा, नाहीतर ओळखू येईल इतकी ठेवा. काडीचं म्हणाल तर ती थोडी गडद करता येते. उजळ-गडद करणं मान्य आहे, जोवर ते नैसर्गिक दिसतं. सेन्सरवरची धूळ आणि नॉइज काढायला हरकत नाही. नाकावरच्या माश्या मात्र सिंहाबरोबरच राहतात.

याच वाचकांनी देवळियाच्या सफारी पार्कमधल्या फोटोंबद्दलही विचारलं आहे. देवळिया कुंपणाच्या आत आहे. स्पर्धांच्या वाइल्डलाइफ विभागात मोकळे, बंधन नसलेले प्राणीच बसतात, तेव्हा तिथले फोटो त्या विभागात पाठवू नका. रॉ फाइल जपून ठेवा, वरच्या फेरीत ती मागतात.

प्रश्न: सिंहीण एका बाजूला बघत असेल तर पुढे किती जागा सोडायची? आणि अर्धाच चेहरा ठेवलेले फोटो काही जणांचे छान दिसतात, माझे का दिसत नाहीत?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर: बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यात नाकाच्या पुढे जागा हवी, आणि डोक्यामागे काटकसर करता येते. मागची कड कानामागून, मानेतून गेली तरी कोणाला खटकत नाही. पुढची जागा मागच्यापेक्षा दीड-दोन पट ठेवून बघा, मग त्या जागेत काय आहे ते तपासा. नुसती उजळ धूळ असेल तर कमी करा. ती ज्याच्याकडे बघते आहे ते छावं धूसर का होईना दिसत असेल, तर अजून मोकळी ठेवा. डोळ्याची पातळी चौकटीच्या वरून एक तृतीयांशावर आली की डोकं जड वाटत नाही. अगदी समोरच्या चेहऱ्याला हे लागू नाही. तिथे नाकाची उभी रेघ बरोबर मध्यात आणा. मध्याच्या जवळपास पण मध्यात नाही, असा फोटो नुसता सरकलेला दिसतो.

अर्ध्या चेहऱ्याचं गणित नाकात आहे. तुम्ही चेहरा नाकाच्या मधोमध कापलात, त्यामुळे एक नाकपुडी उरली. नाक पूर्ण ठेवा आणि कड त्याच्या पलीकडून, दुसरा डोळा सुरू होण्याच्या आधी न्या. दुसऱ्या डोळ्याचा कोपराही आत आला तर अर्ध्या चेहऱ्याची मजा गेली. शिवाय उरलेल्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका हवाच. गडद झाडीखाली बसलेल्या सिंहिणीचा डोळा निर्जीव येतो, त्याला मोठा करून उपयोग नाही. भरदुपारी बाहुली टाचणीएवढी होते, तेव्हाही घट्ट क्रॉप नको.

आई आणि छावा एका चौकटीत असतील तर दोघांचे डोळे एकाच पातळीत येईपर्यंत थांबा. नाही आले तर छाव्यावर फोकस ठेवा आणि आईचं डोकं बिनधास्त कपाळातून कापा. उलटं, म्हणजे आई कडक आणि धूसर छावा पुढे, हे बहुधा फसतं.

प्रश्न: एप्रिलमधले फोटो धुरकट आणि सपाट आलेत. सिंह आणि गवत एकाच रंगाचे.
— वाचक, वाडी

उत्तर: दोन वेगळी कारणं आहेत. धुरकटपणा तापलेल्या हवेचा. दहानंतर जमिनीवरून उठणारी झळ चाळीस-पन्नास मीटरवरचा चेहरा वितळवते. लेन्स कितीही महाग असो, असा फोटो क्रॉप केला की झळही मोठी होते. तापलेल्या बॉनेटवरून तर फोटो काढूच नका. लांबचा सिंह असेल तर क्रॉप विसरा, झाडांसकट मोठी चौकट घ्या.

रंगाचं दुखणं ऋतूचं. मार्चनंतर सागाची पानं वाळून खाली पडलेली असतात आणि सिंह त्याच रंगाचा. तिथे वेगळेपणा उजेडातून आणावा लागतो. सकाळी तिरपा प्रकाश मागून किंवा बाजूने येईल अशी गाडी थांबली तर आयाळीची कड उजळते आणि डोकं मागच्या पानांपासून सुटतं. पांढऱ्या हनुवटीवर आणि डोळ्यांखालच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवा. आधी तिथला तपशील जळतो, म्हणून एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी द्या. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र जंगल हिरवं असतं आणि ही अडचणच येत नाही. फक्त हिरव्याची झाक हनुवटीच्या पांढऱ्यावर पडते, ती व्हाइट बॅलन्समध्ये काढा.

प्रश्न: गीरला जाण्याआधी कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात सराव करतो आहे. जाळी फोटोत येते.
— वाचक, सयाजीगंज

उत्तर: सराव उत्तम, प्राणी कोणताही असो. जाळी घालवण्यासाठी अॅपर्चर पूर्ण उघडा. ४०० एमएमला एफ/५.६ म्हणजे लेन्सचं तोंड ७१ मिलिमीटर. तीन मिलिमीटरची तार त्यातला अगदी थोडा भाग अडवते आणि विरघळून जाते. एफ/१६ केलंत तर तोंड २५ मिलिमीटरचं होतं आणि तीच तार राखाडी पट्टा होऊन उमटते. कठड्याच्या अलीकडूनच, पण जाळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि प्राणी जाळीपासून लांब सरकेपर्यंत थांबा. जाळीवर ऊन पडलं असेल तर तारा चकाकतात आणि फोटो फिका येतो. सावलीतली जाळी शोधा. काच असेल तर रबरी हूड काचेला टेकवा आणि गडद कपडे घाला.

प्रश्न: माझ्याकडे मोबाइलच आहे.
— वाचक, गोत्री

उत्तर: मग चेहऱ्याचा नाद सोडा. मोबाइलच्या खऱ्या टेलीफोटो लेन्सच्या पुढे चिमटीने वाढवलेला झूम म्हणजे क्रॉपच असतो, आणि नंतर सॉफ्टवेअरने भरलेला तपशील. सिंह, वाट आणि सागाची झाडं अशी उभी चौकट घ्या. मोबाइलला ते चांगलं जमतं.

एआयने फाइल मोठी करण्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. बाजू दुप्पट करणारी साधनं आहेत आणि पार्श्वभूमीवर ती खपून जातात. चेहऱ्यावर मात्र मिशा तारेसारख्या कडक होतात आणि मिशांच्या मुळाचे ठिपके जागा बदलतात. एकेक सिंह ओळखायला अभ्यासक याच ठिपक्यांची रचना वापरतात. असा फोटो नोंदीसाठी कोणाला पाठवत असाल तर मूळ फाइलच पाठवा.

प्रश्न: क्रॉप नीट केला होता, तरी फ्रेम होऊन आल्यावर कान कापले गेले. १२×१५ ची फ्रेम होती. चूक लॅबची की फ्रेमवाल्याची?
— वाचक, दांडिया बाजार

उत्तर: मापाची. १२×१५ म्हणजे ४:५ आणि तुमची फाइल २:३. उभ्या ४०००×६००० मधून लॅबला ४०००×५००० च घ्यावे लागतात, म्हणजे उंचीचा सहावा भाग गेला. कोणता भाग घालवायचा हे तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मशीनने वरून आणि खालून सारखाच कापला. ८×१२, १२×१८, २०×३० ही मापं २:३ ची, तिथे काही जात नाही; ८×१०, १२×१५, १६×२० ही ४:५ ची. आधी फ्रेमचं माप ठरवा, मग त्याच प्रमाणात स्वतः क्रॉप करून फाइल द्या आणि लॅबला ‘ऑटो क्रॉप नको’ असं सांगा.

बिनकडेच्या प्रिंटमध्ये काठाचे दोन-तीन मिलिमीटर छाटले जातात, आणि माउंटची खिडकी प्रत्येक बाजूने तीन ते पाच मिलिमीटर चढते. दोन्ही धरून चौफेर आठ मिलिमीटर मोकळे ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रिंटला भोवती अर्ध्या इंचाची पांढरी पट्टी ठेवायची. लॅब आणि माउंट दोघांचीही कात्री त्या पट्टीवर चालेल.